भिंतीवरचा डबा

कमळी : नाय बाई, दिपी आता शाळेत यायची नाय. सोमवारपासून सातिवलीला जाते, कंपनीत. सेफ्टी पिना पाकिटात भरायला.

सुहासिनी : अहो कमळीताई, पंधरा वर्षांची पोर ती. एकदा नापास झाली म्हणून शाळा सोडतात का? सातवीपासून विज्ञान शिकवतेय मी तिला. हेडमास्तर सरसुद्धा आलेत बघा तुमच्या दारात.

सुधाकर : फी माफ करू आपण. नववी पुन्हा करू दे तिला.

कमळी : फीचा नाय, सर. सातवीत व्हती तवा घरी यायची ती बोलतच. मीठ कसा होते, खाडीचा पानी कुटं जाते, डोका खायची माजा. बाईंनी मिठागरावर नेलता ना सगल्यांना. बाई, तुमी आमच्या बोलीत विचारायच्या, हसायच्या. मंग काय झाला कोन जाने. दिपी म्हनते, बाई आता पुस्तक वाचून दाखवतात नि जातात. काय विचारला तर भिंतीकडं बघतात.

सुहासिनी : भिंतीवर डबा आहे, कमळीताई. वर्गात बोललेलं सरांच्या ऑफिसात ऐकू येतं. एका कारखान्याने देणगी दिली. बसवला त्याच आठवड्यात सरांनी मला बोलावून घेतलं. वर्ग आहे की बाजार, म्हणाले. गावठी बोलणं बंद करा, म्हणाले. तेव्हापासून तोंड उघडलं की वाटतं, सर ऐकतायत. शिकवायची भीतीच बसली हो मला.

कमळी : मंग काडा ना तो डबा, सर. मी सांगते दिपीला. येल ती.

सुधाकर : डबा... बाई, तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

सुहासिनी : काय, सर?

सुधाकर : तो महिनाभरच चालला. मग बिघडला. दुरुस्तीला पुन्हा कोणापुढे हात पसरायचा? वर्ग तर शांत झाले होते. म्हटलं, असू दे तसाच. धाक राहील.

सुहासिनी : पोरांना?

सुधाकर : सगळ्यांनाच. तुमचं असं झालंय हे मला खरंच कळलं नाही, बाई. निकाल खाली आला तेव्हा वाटलं, तुमच्या वयामुळे असेल.

सुहासिनी : म्हणजे दोन वर्षं मी एवढी जपून बोलले, आणि कोणी ऐकतच नव्हतं?

कमळी : दिपी ऐकत व्हती ना, बाई.