लग्नाआधीची हजामत

(१९०४ चा ऑक्टोबर. ओहायोतलं पोलादाच्या गिरणीचं एक गाव. स्वयंपाकघरात खुर्चीवर ब्रुनो, गळ्याभोवती चादर. मागे त्याची वाग्दत्त वधू ओटिली, हातात कात्री.)

ब्रुनो : कापायचे म्हणजे किती?

ओटिली : कान दिसेपर्यंत.

ब्रुनो : सोमवारी कापू ना.

ओटिली : लग्न शनिवारी आणि केस सोमवारी? पाद्रीबाबा आत्ताच विचारताहेत, दोघींपैकी नवरी कोणती म्हणून.

ब्रुनो : थंडी पडलीय गं. डोक्याला ऊब लागते.

ओटिली : जूनपासून? जूनपासून केस कोण वाढवतं ते मला माहीत नाही होय? डोकं आपटलं तर गादी हवी म्हणून फुटबॉलवाले वाढवतात. साखरपुड्याला काय कबूल केलं होतंस?

ब्रुनो : फुटबॉल सोडला म्हणून. सोडलाच होता! त्यांनी परत बोलावलं. रविवारच्या सामन्याचे पैसे देतात.

ओटिली : बॉल हातात घेऊन पळायचं आणि बाकीच्यांनी अंगावर पडायचं, ह्याचे पैसे! पडणाऱ्यांनाही देतात?

ब्रुनो : त्यांनाही.

ओटिली : धन्य आहे. मान खाली कर... अरे देवा, हे टेंगूळ कसलं?

ब्रुनो : दार लागलं.

ओटिली : दाराचं नाव काय?

ब्रुनो : ...गुस्टाव. भला माणूस आहे. नंतर येऊन माफी मागितली बिचाऱ्याने.

ओटिली : शनिवारी बायको आणि रविवारी विधवा, हे मला जमायचं नाही. खेळ तरी, नाहीतर मी तरी. बोल.

ब्रुनो : ओटिली, गिरणीत इतकी वर्षं भट्टीपुढे उभा आहे, मुकादम अजून ‘ए लांब्या’च म्हणतो. रविवारी तोच कुंपणावर चढून ओरडतो, ‘ब्रुनो, ऊठ!’

ओटिली : पडलेला असतोस म्हणून.

ब्रुनो : पण नाव घेतो ना.

ओटिली : (कात्री खाली करते.)

ब्रुनो : जाऊ दे. मला तू हवीस. काप पटकन, मी डोळे मिटतो.

ओटिली : रडतोयस?

ब्रुनो : केस गेले डोळ्यांत.

ओटिली : अजून एकही कापलेला नाही.

ब्रुनो : मग काप की बाई!

ओटिली : कापणारच. फोटोत माझ्या शेजारी नवरा दिसला पाहिजे. पण रविवारी डोक्याला काय घालणार?

ब्रुनो : रविवारी मी जाणारच नाही म्हटलं ना.

ओटिली : विचारलं तेवढं सांग. चामड्याची टोपी मिळते ना?

ब्रुनो : मिळते. पण घालणाऱ्याला सगळे आजीबाई म्हणतात.

ओटिली : म्हणेनात का. मला तुला आजोबा झालेलं बघायचंय. मान सरळ धर.