खिडकीसमोरची भिंत

वाळवंटातल्या त्या परक्या शहरात बसच्या रांगेत कानावर मराठी पडलं, तसा मागे उभ्या असलेल्या एका मराठी शिंप्याने मोबाइल खिशात टाकला. पुढे एक जोडपं होतं. नवऱ्याच्या बुटांवर सिमेंट सुकलेलं, बायकोच्या पर्सला विमानतळावरची चिठ्ठी अजून लटकलेली.

“अहो, तुमचे नळ उलटे बसवलेत. निळा सोडला की चटका बसतो.”

“उलटे नाहीत. टाकी गच्चीवर तापते. म्हणून गिझर बंद ठेवायचा, त्यात पाणी निवतं. लाल नळाला गार येतं.”

“आणि सकाळी मी गिझर लावला.”

“कळलं. अंगावर घेतल्यावर कळलं.”

“ही रांग सोडली तर रस्त्यात चिटपाखरू नाही.”

“संध्याकाळी असतात माणसं.”

“संध्याकाळच झालीय.”

“अजून जरा व्हायला हवी.”

शिंप्याची बस आली. त्याने ती जाऊ दिली.

“फोनवर म्हणाला होतात, खिडकीतून समुद्र दिसतो.”

“दिसायचा.”

“मला भिंत दिसली. नुसती भिंत.”

“समोर नवी इमारत उठतेय.”

“कोण मेलं बांधतंय?”

“गवंडी बरेच आहेत.”

“तुमचं काम कुठे चाललंय सध्या?”

“जवळच. चालत जातो.”

“किती जवळ?”

“तू खिडकीतून हाक मारलीस तर ऐकू येईल.”

तिने त्याच्या बुटांवरच्या सिमेंटकडे पाहिलं. शिंपी खोकला दाबून उभा राहिला.

“सरळ वाटली का गं भिंत?”

“नीट पाहिली नाही. उद्या बघते. तुम्ही खिडकीसमोरचंच काम मागून घ्या.”