सरोजाक्कांची नावपट्टी

अहो, आमच्या कोप्पीकर रोडच्या ऑफिसात पोर्टलवर प्रत्येकाची नावपट्टी एकदाच बनवतात, बाकी सगळी पानं नाव तिथूनच उचलतात. सरोजाक्का गेल्या, तेव्हा श्रद्धांजलीच्या पानासाठी मी त्या मूळ पट्टीतच ‘कै.’ लिहिलं. महिन्याभराने वाढदिवसाच्या पानावर आपोआप झळकलं, ‘कै. सरोजाक्का, शतायुषी व्हा!’

त्यांचे यजमान आमच्याच टपाल विभागात. मी धावतच गेले.

“अण्णा, चुकलं हो माझं. आत्ता काढते.”

ते स्क्रीनकडेच बघत होते.

“संध्याकाळपर्यंत राहू दे गं. आज तिचा वाढदिवस आहे, हे घरात सकाळपासून कुणी बोललंच नाही.”