बुटांच्या सेक्शनमधली काकू

मी मूळची नागपूरची, तिथल्या महाल भागातली, वडील शाळेत मास्तर, चार बहिणींत मी शेंडेफळ अन् तोंडानं सगळ्यात फटकळ. लग्न होऊन इकडे अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडला आली, हे तेलाच्या कंपनीत इंजिनियर, मला नोकरीची गरजच नव्हती बाप्पा. तेव्हा टीव्हीवर इंग्लंडची एक जुनी मालिका लागायची, मोठ्या दुकानातल्या सेल्समन लोकांची, माझं काउंटर की तुझं काउंटर म्हणून दिवसभर भांडायचे, अन् आम्ही दोघं सोफ्यावर पोट धरधरून हसायचो. आता मीच तशा दुकानात आहे नं, हसू काही येत नाही.

काय सांगू तुम्हाला, यांना रक्ताचा कॅन्सर निघाला अन् त्याच वर्षी कंपनीनं लोक कमी केले, त्यात यांची नोकरी गेली. रोजची एक गोळी आहे, ती इन्शुरन्सशिवाय बापजन्मात परवडणार नाही. मॉलमधल्या या दुकानात आठवड्याला तीस तास भरले तर इन्शुरन्स मिळते, म्हणून मी लागली, टॉवेल अन् चादरींच्या सेक्शनला. आठ-आठ तास उभं राहायचं, बसायचं नाव नाही, गुडघे गेले माझे. मॅनेजर टायलर, माझ्या पोरापेक्षा लहान, त्याच्या हातापाया पडली, म्हटलं बसायचं काम दे रे राजा, तर म्हणे बसायला फक्त बुटांच्या सेक्शनमध्ये मिळते, गिऱ्हाइकासमोर बुटक्या स्टुलावर बसायचं, त्याचा पाय हातात घ्यायचा, बूट घालून द्यायचा, पण विक्री झाली पाहिजे, नाहीतर तास कमी. म्हटलं चालते.

अमेरिकन लोकांचं काही नाही, पाय पुढे करतात अन् फोनमध्ये पाहत बसतात. घोळ झाला तो आपल्या माणसांचा. या मॉलला आपली माणसं खूप येतात, अन् मराठी माणूस काकूच्या हातात पाय देईल का? उडीच मारतात, राहू द्या काकू, मी घालतो काकू, बरं पुन्हा येतो काकू. पुन्हा कोण येते! घरी जाऊन ऑनलाइन मागवतात. तीन आठवडे हेच, मग टायलर म्हणे, शनिवारपर्यंत पाहू.

शनिवारी एक बाई आली, संगं पोरगा, त्याचंच लग्न, त्याला अन् त्याच्या मित्रांना सारखे बूट पाहिजे. आठ जोड! मला तर रडूच आलं आनंदानं. पोरगा इथला जन्मलेला, त्याला काय माहीत, त्यानं आरामात पाय दिला. आई फोनवर बोलत होती, तितक्यात तिनं फोन ठेवला, माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली अन् ओरडलीच, अरे पाय काढ, काकू आहेत त्या! पोरगा म्हणे मॉम, इट्स हर जॉब. मी पाय सोडलाच नाही. घट्ट धरून ठेवला. म्हटलं बाई, मान नको देऊ मला, बूट घे, माझ्या नवऱ्याची गोळी आहे त्याच्यावर. असं बोलली मी, भर दुकानात, मास्तरांची पोरगी. तिचे डोळेच भरले, पोराला उठवलं, मला म्हणे काकू, तुम्ही एवढ्या अडचणीत, कळवायचं नाही का, आपल्या मराठी मंडळात आपण वर्गणी काढू. वाकली, माझ्या पाया पडली, अन् गेली. बूट काही घेतले नाहीत. माझ्या तोंडून सुखी राहा निघालंच, वाकलेल्याला देतोच नं आपण. टायलर धावत आला, म्हणे त्या बाईचं काय पडलं खाली?

या आठवड्याला चोवीसच तास लिहिले माझे. महिनाभर असंच राहिलं तर इन्शुरन्स जाते, यांना अजून सांगितलं नाही मी, तोंडच उघडत नाही. वर्गणी एकदा मिळते हो, गोळी रोज लागते. तुम्ही हे लिहून घेऊन राहिले, मंडळात वाचूनही दाखवाल, लोक हळहळतील, हळहळू द्या. फक्त त्यांना एवढं सांगा, दुसऱ्या मजल्यावर असते मी, शनिवारी नक्की असते, या म्हणावं, बसा, अन् लाजू नका, पाय द्या काकूच्या हातात. देव त्यांचं भलं करो.