सासऱ्यांना आवरा

हरवलेल्या मोबाइलची तक्रार द्यायला मी पोलीस चौकीच्या बाकावर बसलो होतो. शेजारी एक निवृत्त मास्तर आणि त्यांची मुलगी दबक्या आवाजात बोलत होते.

"बाबा, तो व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढून टाका."

"का? नगरपालिकेची सभा नागरिकांना बघता येते, एवढंच सांगितलंय. जन्मभर नागरिकशास्त्रात हेच शिकवलं."

"वर्गातली मुलं परीक्षा देऊन विसरायची. इथे अख्खी गल्ली सभागृहात जाऊन बसली! सभा गुंडाळावी लागली त्यांना."

"मग चुकलं कोणाचं?"

"चूक नाही म्हणूनच बोलावलंय. ह्यांची नोकरी तिथलीच आहे, बाबा."

"जावईबापूंना कोणी काही बोललं?"

"कालच. 'सासऱ्यांना आवरा' म्हणाले."

मास्तरांनी फोन तिच्यापुढे धरला.

"घे, तूच काढ. माझ्या हातानं नाही व्हायचं."

तिनं फोन घेतला. तेवढ्यात आतून हाक आली, "व्हिडिओवाले मास्तर!"

"तू थांब इथेच."

"चौकशीला एकट्यानं जाऊ नये. तुम्हीच सांगता ना?"

"तू बघतेस माझे व्हिडिओ?"

"चला आता," ती म्हणाली, आणि व्हिडिओ न काढताच तिनं फोन पर्समध्ये टाकला.