उग्र ग्रहाचा शनिवार

…न्हाई न्हाई, ती भज्याची बशी तिकडं सरकवा, माझ्या नाकाखालून लांब न्या, आज शनिवार हाय, आन् शनिवारी ह्या समाधानच्या तोंडात चहाशिवाय काय जात न्हाई. हसा. हसा की! परळीचं समदं मार्केट हसायलंय, तुमीच कावून मागं राहता? “काय बे समाधान, जयभीमवाला माणूस तू, घरात देव न्हाई, देव्हारा न्हाई, आन् शनिवार धरायला कवापासून लागलास?” रोज एक जण इचारतो, आन् इचारून झालं की मुद्दाम माझ्यासमोर भजं मिरचीसंगं खातो. तुमाला सांगतो, मला हा उपास कुण्या देवानं लावला न्हाई, बुवानं न्हाई, बायकोनं बी न्हाई… म्हंजे बायकोनं थोडा लावलाय, त्ये पुढं येतंय… मला हा उपास लावला एका उपग्रहानं. छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरनं. शाळेत छत्तीसचा आकडा म्हंजे भांडण असं शिकलो होतो, त्ये आता कळायलंय.

आता माझा धंदा तुमाला ठाऊकच हाय. ‘समाधान डिश सर्व्हिस’. गच्चीवर छत्री बसवायची, वायर वढायची, गिऱ्हाईकाचं समाधान करायचं. आन् ह्या धंद्यात, बघा, एक वाक्य असतंय. पिशवीत एखादा पान्हा नसला तरी चालतंय, पण त्ये वाक्य जिभेवर पायजे. वैशाखाचं ऊन, मोटारसायकलचं शीट तव्यावानी तापलेलं, मी दुकानात कूलरपुढं बनियनवर आडवा, आन् फोन वाजतो, “ओ समाधानभाऊ, टीव्हीवर निस्ती पाटी आलीय, सिग्नल न्हाई म्हणतीय, या की जरा…” आपण उठायचं सुद्धा न्हाई. डोळे मिटूनच म्हणायचं, “वरूनच प्रॉब्लेम हाय.” खलास! माणूस गप. वर जाऊन कोण इचारणार? हापिसात साहेब त्येच म्हणतो, लाइन गेली की लाइनमन त्येच म्हणतो, समद्या देशाचा कारभार ह्या एका वाक्यावर चाललाय, मग मी म्हणलं तर काय बिघडलं?

बिघडलं. लई बिघडलं.

कारण खरं सांगू का… वरून प्रॉब्लेम नसतोच हो! कधीमधी असंल, पण माझ्या गिऱ्हाइकाला शंभरदा आला तर नव्व्याण्णव वेळा त्यो खालीच असतो. वायर उंदरानं कुरतडलेली, न्हाईतर छत्रीवर थर्मलच्या, म्हंजे आपल्या वीजकेंद्राच्या, राखेचा थर बसलेला. वरच्या बिचाऱ्याचा काय गुन्हा? त्यो तिकडं आग्नेयेला, विषुववृत्तावर, पृथ्वी जितक्या येगानं फिरती तितक्याच येगानं तिच्यासंगं फिरतो, म्हणून आपल्या हिशेबानं एका जाग्यावर उभाच. आन् एकटा न्हाई, खानदान हाय त्यांचं! एक कंपनी, एक नाव, पुढं निस्ता नंबर. थोरला म्हातारा झाला, त्याचं इंधन संपत आलं, की त्याला आणखी वर सरकवून देतात, आन् त्याच्या जागेवर धाकटा येऊन गपचिप उभा राहतो, गिऱ्हाइकाला कळत बी न्हाई. सुट्टी न्हाई, चहा न्हाई, हू का चू न्हाई. आन् असल्या इमानदार खानदानावर मी इतकी वर्सं आळ घेत आलो, निस्तं ऊन चुकवायला. शरम वाटती आता. तवा वाटत न्हवती.

तर मे महिन्यात फोन आला धर्मापुरीवरनं. बायनाबाई. त्यांच्या घरी छत्री मीच बसवलेली. घरात ती म्हातारी आन् तिचा नवरा गहिनीनाथबाबा, दोघंच, पोरगा तिकडं पुण्याला. बाबाला डोळ्यांनी दिसत न्हाई. पण टीव्ही पायजे! रोज सकाळी कीर्तनाचं चॅनल लागतं ना, त्ये ऐकल्याशिवाय म्हातारा भाकर तोडत न्हाई. तर मावशी फोनवर म्हणती, “लेकरा, टीव्ही गेला रे. ह्यांचं कीर्तन गेलं. येतोस का?” मी कूलरपुढं. बाहेर ऊन. धर्मापुरीचा रस्ता डोळ्यापुढं आला, खड्ड्यांसकट आला, आन् जबान आपोआप चालली, “मावशी, वरूनच प्रॉब्लेम हाय. उपग्रह जाग्यावरनं हाललाय.”

आता फोनला रेंज कमी, मावशीचा कान जाड. मावशीनं दोनदा “आं? आं?” केलं. मग आवाज खाली आणून म्हणती, “उग्र ग्रह?”

मी काय म्हणावं? म्हणावं की न्हाई मावशी, उग्र न्हाई, उप, उप! पण इतकं बोलायची बी फुरसत न्हवती मला. म्हणलं, “हां हां, त्योच.”

“अगं बया… जाग्यावरनं हालला? आमच्याच घरावर?”

“हां.”

“कवा बसंल बाबा जाग्यावर?”

आन् माझ्या तोंडातनं निघालं, “शनिवारी बघू.”

तुमीच जुळवा आता. उग्र ग्रह. जाग्यावरनं हाललेला. घरावर आलेला. आन् शनिवार! आता ह्याच्यावर आणखी कुणाचं नाव लिवायचं राहिलं? मी फोन ठेवला, कूस बदलली आन् झोपलो. बिनघोर झोपलो, त्येच आता टोचायलंय.

इसरून गेलो. शनिवार आला, गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. लगीनसराई, पंगतीवर पंगती, मी जेवायलोय. आन् एक दिवस सतीश आला, माझ्यासारखाच डिशवाला, धर्मापुरीत दुसऱ्या कुणाची छत्री बसवून आलता. म्हणतो, “बे समाधान, तिथं एका म्हातारीनं कडक शनिवार धरलाय बे. घरावर उग्र ग्रह आलाय म्हणती. गल्लीतल्या बायका बी धरायल्यात तिच्यासंगं. तिला शुगर हाय, परवा देवळापाशी नळावर चक्कर येऊन पडली. ग्रह जाग्यावर बसल्याशिवाय सोडणार न्हाई म्हणती.” आन् हासायलाय! मी हासलो न्हाई. माझ्या हातात वडापाव होता, त्यो हातातच राहिला.

ही करणी माझी हाय, ह्ये कुणालाच कळू दिलं न्हाई. पण रविवारी विहारात गेलो, समदे पंचशील म्हणायलेत, मी बी म्हणायलोय, पयलं झालं, दुसरं, तिसरं झालं, आन् चौथ्याला, खोटं न बोलायच्या शीलाला, माझा आवाजच बसला. शेजारी माझी बायको आम्रपाली. तिचा कान बायनामावशीवानी जाड न्हाई. बाहेर चपला घालतानाच म्हणती, “चौथ्याला काय झालतं?” मी म्हणलं, खोकला. म्हणती, “खोकला समदे सोडून चौथ्यालाच कावून येतो?” सांगावं लागलं. समदं सांगितलं. ती वरडली न्हाई, वरडली असती तर बरं झालं असतं. हळू म्हणली, “तुमच्या आज्यानं घरातले देव एका दिवसात नदीला सोडले. गावाला भ्याला न्हाई. आन् तुमी नातू, एका फोनवर आभाळात नवा शनी बसवला.”

तुमाला सांगतो, इतकं ऊन मला त्या मे महिन्यात बी लागलं न्हवतं.

तसाच निघालो. तीच दुपार, तेच खड्डे, एक बी चुकवला न्हाई. गेलो तर गहिनीनाथबाबा बंद टीव्हीपुढं बसलेला, डोक्याला फेटा, अंगात धुतलेला सदरा. देवळात कीर्तनाला बसावं तसा. सकाळी टीव्ही लागंल म्हणून मावशी रोज त्याला तयार करायची, आन् लागला न्हाई की त्यो तसाच बसून राहायचा. आन् मावशी… गाल आत गेलेले, भिंतीला धरून उठली आन् मलाच म्हणती, “उन्हाचं कशाला आलास लेकरा, पाणी घे.”

मावशीला टीव्ही लावून ठेवायला सांगून गच्चीवर गेलो. छत्री आग्नेयेला असायची, ती तोंड फिरवून शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीकडं बघायली होती. कठड्यावर वानराची विष्ठा. देवळाकडची वानरं, त्यातलं एखादं लोंबकाळलं असणार, दुसरं काय? पान्ह्यानं बोल्ट ढिला केला, छत्री जरा उजवीकडं, जरा वर, आवळला. झालं! खालून टाळ वाजायला लागले. मी कूलरपुढं जितका वेळ कूस बदलायला घेतला ना, तितक्या वेळात झालं.

जिन्यातच ठरवलं, आज खरं बोलायचं. खाली आलो, मावशी टीव्हीला हात जोडून उभी. “बसला का ग्रह जाग्यावर?” म्हणलं, “मावशी, ग्रह हाललाच न्हवता. वर काय झालंच न्हवतं. मी खोटं बोललो, ऊन होतं म्हणून. वानरानं छत्री फिरवलीती.”

“वानरानं?” मावशीचे डोळे हे एवढे झाले. “मारुतीराया! शनिवार पावला बघा!”

“न्हाई हो मावशी, त्यानं नीट न्हाई केली, त्यानं बिघडवली!”

“बिघडवली न्हाई तर तू आला असतास का इतक्या लांब?”

सांगा! इतक्या वर्सांत पयल्यांदा खरं बोललो, तर कुणी घ्यायलाच तयार न्हाई. आन् तेवढ्यात गहिनीनाथबाबानं टीव्हीचा आवाज हातानं चाचपून बारीक केला. म्हातारा कानांवर जगतो, त्यानं एक बी शब्द सांडू दिला न्हवता. म्हणतो, “बायने, पोरगा खोटं बोललो म्हणायलाय, ऐक की.” मावशी साखर आणायला आत गेली, तसा मला जवळ बोलावून म्हणतो, “मी बी हिला खोटंच सांगायचो बाबा. म्हणायचो, मला कीर्तन पाठ हाय, टीव्ही न्हाई लागला तरी आत चालू हाय, तू जेव. रोज सांगायचो. तुझं खोटं तिनं खरं मानलं बघ. माझं न्हाई मानलं.”

मी खाली बघायलो. वर बघायची सोयच न्हवती.

आता मावशीचा उपास तर सोडवायला पायजे. शुगर! मी म्हणलं, मावशी, झालं ना, सोडा आता. म्हणती, असा कसा सोडू, पुन्यांदा हालला तर? मी म्हणलं, न्हाई हालत, आन् ह्यो हालला तरी त्याचे भाऊ हायेत, खानदान हाय त्यांचं वर, त्यातला दुसरा जागा धरतो. धीर द्यायला म्हणलं हो मी! तर म्हणती, “खानदान? मंग एकेकाच्या नावानं एकेक शनिवार धरावा लागंल.” मेलो! म्हणलं, मावशी, तुमच्या बदली मी धरतो, पण तुमी जेवा. मावशीनं माझ्याकडं बघितलं, जरा इचार केला आन् इचारलं, “किती जण हायेत खानदानात?”

आता बघा, दोन म्हणता आलं असतं. तीन म्हणता आलं असतं, पंधरा-वीस दिवसांतच मोकळा झालो असतो! पण त्या घरात आणखी एक खोटं बोलायची माझी हिंमत झाली न्हाई. म्हणलं, “पन्नासच्या वर.” खरं बोललो आन् वर्स गेलं. पण तिनं माझ्यासमोर भाकर खाल्ली. दुधात कुस्करून, बाबाच्या शेजारी बसून, कीर्तन ऐकत. त्ये बघूनच मी मोटारसायकलला किक मारली.

घरी येऊन आम्रपालीला सांगितलं. म्हणलं, आपल्यात ग्रह मानत न्हाईत, मी धरू का नको? म्हणती, “ग्रह आपल्यात न्हाईत. खोटं आपल्यात बी हाय. धरा. शनिवार मावशीचा. आन् ज्या दिवशी तोंडातनं ‘वरूनच’ निघंल, त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा.” तवापासून बघा, एक सोमवार गेला, दोन बुधवार गेले, शर्ट ढिला व्हायलाय, पण जिभेचं वळण जाता जात न्हाई. तरी ह्या आठवड्यात एकदा बी न्हाई निघालं! उद्या रविवार, घरी मटण हाय, आम्रपालीनं सकाळीच मसाला काढून ठेवलाय, त्या वासावर तर आजचा दिवस ढकलायलोय…

काय म्हणता बंकटशेठ? तुमच्या हाटेलातला टीव्ही? चालू होता की आत्ता. गेला? रिमोट बघा, सेल संपला असंल… न्हाई? पाटी आली? आवो गिऱ्हाईक वरडायलंय तर वरडू द्या, मी काय करू, वरूनच प्रॉब्लेम…

…

घ्या. गेला रविवार.

ती बशी आजून जरा लांब सरकवा.