कोरे डोळे

— करतो की सही, सही करायला माझं काय जातंय! पण आधी बस तरी, रुक्सार. त्या बुद्धाला टेकू नको, प्लास्टर ओलं हाय अजून, ड्रेसला लागंल. तो स्टूल ओढ. चहा सांगू? बरं, नको तर नको. मला एक सांग, हे पत्र तू लिहिलंस ते अक्षरावरनं कळतंय, शाळेत शिकवतीस तू — पण बोललं कोण? मुख्तार? त्याच्या तोंडानं? ‘माझ्या हातून त्या बाईचे डोळे खराब झाले, अमृता मॅडमनी मला माफ करावं’ — असं तुझा बाप म्हणाला? लकवा मारल्यापासून त्याचं बोलणं कळत नाय नीट, तूच म्हणालीस आत्ता, मग तुझ्या ऐकण्यात काय तरी… नाय? तीन डाव म्हणाला? सतरा वर्षांनी?

आणि साक्षीदार मी. कारण मॅडम मला ओळखत्यात. बरोबर हाय, ओळखत्यात.

ती बाई तू बघितलेली नसशील. संगमरवराची फळी, ह्या खिडकीएवढी, तिच्यावर उठावाचं काम. मॅडमच्या पणजोबानं इटलीवरनं आणलेली, पाचशे वर्षांपूर्वीची. डाग पडले हुते, साफ करून द्या म्हणून आमच्या बेगमपुऱ्याच्या शेडात पाठवली. युरिडिसी नाव तिचं. मला नाव घेता येईना, मुख्तारनं तर सरळ मावशीच केली तिची, ‘खाला’ म्हणायचा — ‘खाला का गाल साफ हुआ क्या रे, कडूबा?’ तिकडच्या पुराणातली बाई. साप चावून मेली. नवरा लई गुणी, गाणारा, तिला परत आणाया पाताळात गेला. अट एकच — वर येईस्तोवर मागं वळून बघायचं नाय. आणि त्यानं बघितलं. गेली ती परत. फळीवर तेवढीच घडी हुती — नवरा नाय, नुसती ती, एक हात पुढं, अंगावरचं कापड मागं उडतंय. अगं, काय काम! जाडी दोन बोटं, पण तेवढ्यात तिचा गुडघा पुढं येतो अन्‌ मागची टाच अंधारात जाती. करणाऱ्याचं नाव खाली कोरलेलं हुतं, पण कोपरा तुटलेला, एकच गोल अक्षर ऱ्हायलेलं. कुणाचा कोण. पण छिन्नीची रेघ मला वाचता येती — हलका हात, घाई नाय, गाल करताना तर श्वास धरून बसला असंल तो.

फक्त डोळे नव्हते. म्हंजे पापण्या हुत्या, बाहुल्या नव्हत्या. कोरे. आता आमच्यात कसं असतं, डोळे शेवटी. मूर्ती घासूनपुसून झाली, न्यायला माणसं यायची वेळ झाली, की मग डोळे. डोळे कोरले असं आम्ही म्हणतच नाय, ‘उघडले’ म्हणतो. मला वाटलं, ऱ्हाऊन गेलंय बिचाऱ्याचं. आजारी पडला असंल, मेला असंल. पाचशे वर्षं बाई आंधळी उभी, अन्‌ कुणाला दया आली नाय? मला लई वाईट वाटलं गं, खरं सांगतो —

म्हंजे कुणालाबी वाटंल. मुख्तारला वाटलं असंल, असं म्हणतोय मी. घेतली असंल बारकी छिन्नी, सहा टोले, तीन ह्या डोळ्याला, तीन त्या — काय? सहाच कशावरनं? आता — बघितल्यावर कळतं आम्हाला. कळतं की. काय म्हणालीस? व्हय, गंगापूरला हुतो मी तेव्हा. बहिणीकडं. अब्बानं सांगितलं तुला? त्याला ते बरं आठवतंय, मी गंगापूरला हुतो ते…

नव्हतो गं.

गंगापूरला कुणीच गेलं नव्हतं. वैजापूरला तुझा बाप गेला हुता, तुझ्या मामाच्या लग्नाला. दोन दिवस. तूबी हुतीस, आल्यावर शेडात मेंदीचे हात दाखवत फिरत हुतीस. मी एकटा हुतो. दुपार हुती, ऊन बरोबर तिच्या तोंडावर आलं, अन्‌ मी उघडले तिचे डोळे. मी. आणि झाल्यावर मागं सरकून बघितलं तर — चांगले झाले हुते, रुक्सार. हेच तर वाईट. मी खूश हुतो दोन दिवस.

मग मॅडम आल्या, संगे एक जाणकार गृहस्थ. लग्नावरनं परत आलेला मुख्तार ओल्या फडक्यानं फळी पुसत हुता. त्या माणसानं चष्मा लावला, बघितलं, अन्‌ खाली फरशीवर बसला गं, तसाच, पांढऱ्या पँटीत. म्हणाला, हे डोळे मुद्दाम कोरे ठेवलेले हुते. ही ना जिवंत, ना मेलेली, ही कुणाकडं बघणार? करणाऱ्यानं लई इचार करून सोडलेली जागा ती. आणि ‘कुणी केलं’ म्हणून मॅडमनी ज्याच्या हातात फडकं हुतं त्याच्याकडं बघितलं. मुख्तार म्हणाला, ‘मैं आँखाँ नइं बनाता, मॅडम.’ बास, एवढंच. अन्‌ माझ्याकडं बघितलं. माझं नाव नाय घेतलं त्यानं. मी बोलंन म्हणून थांबला. मॅडमला वाटलं, बहाणा करतोय. त्यांनी मला इचारलं, ‘खरंय का हो, कडूबा?’ खरंच हुतं! वीस वर्षं एका सतरंजीवर बसून काम केलं आम्ही, त्यानं कधी डोळा केला नाय. त्याच्या वडलांनी मनाच केलेलं, जीव घालणं आपलं काम नाय म्हणून. वेली, फुलं, जाळी, अक्षरं, काय म्हणशील ते — डोळा आला की दगड माझ्याकडं सरकवायचा, ‘ले, तेरा काम.’ एवढं एक वाक्य बोललो असतो तर सुटला असता तो. मी म्हणालो, ‘मी गंगापूरला हुतो, मॅडम. मला काय ठाऊक नाय.’

महिनाभर तो येत ऱ्हायला कामाला. एका शब्दानं इचारलं नाय. डब्यातलं वाढायचासुद्धा मला. मग एक दिवस आला नाय. गावात बोभाटा झालेला — जुन्या दगडाला मुख्तारचा हात लावू देऊ नका. दर्ग्याची जाळी, मकबऱ्याकडची कामं, सगळं बंद. कबरीवर नावं कोरत बसला तो. आणि माझं काय? लोक लांबनं येतात, म्हणतात कडूबाच्या मूर्तीचे डोळे बोलतात. लाज वाटती, रुक्सार. असं कुणी म्हणालं ना, की मला इथून उठून कुठंतरी तोंड लपवावं वाटतं. ईदला यायचो तुमच्या घरी, शीरखुर्मा प्यायचो, तुझ्या हातात खाऊ द्यायचो, अन्‌ बोलायचो नाय.

आणि आता त्यालाच वाटाया लागलं की त्यानंच केलं! येवढी वर्षं लोक म्हणत ऱ्हायले, मी गप ऱ्हायलो, अन्‌ ते जाऊन बसलं त्याच्या डोक्यात. दगड बिघडला त्याचं एक ऱ्हाऊ दे. पण हे…

असं बघू नको माझ्याकडं. शिव्या दे. बरं, ऱ्हाऊ दे — तो कागद ठेव हितं, मी सवडीनं नीट लिहितो, उद्या-परवा — का उचललास? व्हय. बरोबर हाय तुझं. माझ्यापाशी ऱ्हायला तर पडूनच ऱ्हाईल. तूच लिही, मी सांगतो. त्याचं नाव खोड. लिही — मी, कडूबा सखाराम खरात. त्या बाईचे डोळे मी बिघडवले. मुख्तार त्या दिवशी वैजापूरला हुता. मी खोटं बोललो. लिहिलंस? आण, सही करतो. हं.

आता मॅडमकडं — काय? आधी अब्बाला वाचून दाखवणार? मी येऊ? तुझ्या स्कूटीवर, आत्ता? नाय गं. नाय, ते नको. मला ठाऊक हाय तो काय करंल. ऐकंल सगळं, अन्‌ त्या वाकड्या तोंडानं हसंल, म्हणंल, ‘कडूबा? कडूबा ऐसा नइं करता, बेटा’ — तू जा. पोरी, जा म्हणतो ना, जा.